तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं नेटवर असताना लायब्ररीत कशाला जाता?

हा प्रश्न मला ऑफिसात, लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही विचारतात. त्याच्या जोडीला दुसरा असतोच, की तुम्ही तर कॉमर्सच्या, मग इतिहासाचं कुठून काढता? दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते माझ्या आजीच्या एका वाक्यात आहे.

आजी नंदुरबारकडची. तिच्या आईबद्दल बोलताना कायम म्हणायची, "आई छप्पनच्या सालातली. गोठा रिकामा झाला त्या साली, होळीच्या आसपास झाली ती." लहानपणी मला छप्पन म्हणजे १९५६ वाटायचं, पण मग आई मुलीपेक्षा लहान कशी, हे काही केल्या जुळेना आणि घरात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बाबा म्हणायचे, म्हातारी काहीतरी बोलते. आजी गेली आणि वाक्य तेवढं राहिलं.

सात-आठ वर्षांपूर्वी कामानिमित्त माझ्या जुन्या कॉलेजात जाणं झालं. तिथे कळलं की माजी विद्यार्थ्यांना अर्ज करून, डिपॉझिट भरून लायब्ररीत बसता येतं. घरी पुस्तक मिळत नाही, संदर्भ विभागातलं तिथेच वाचायचं. मी शिकत असताना त्या विभागात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, आमची धाव देवघेव काउंटरपर्यंत आणि तीही अकाउंटन्सीच्या गाइडसाठी.

पहिल्याच दिवशी मी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजी अमलातल्या जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, खानदेशचा खंड काढला, बारावा, जेम्स कॅम्पबेल संपादक. तो नेटवर आहे, मान्य, मी घरी आधी बघितलाही होता. पण सर्च टाकला की नंदुरबार सापडायचंच नाही, कारण त्या जुन्या इंग्रजी छपाईत नावातल्या एका अक्षरावर तिरकी रेघ आहे आणि कॉम्प्युटर ती भलतीच काहीतरी वाचतो. आणि नकाशा! घडीचे नकाशे बऱ्याचदा घडी न उलगडताच स्कॅन केलेले असतात. इथे तो टेबलावर उलगडला, घड्यांवर मागून कुणीतरी पातळ कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि पंखा बंद करावा लागला. ताप्ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. घामाघूम होऊन तासभर नुसती गावं वाचत बसले.

छप्पनचं मात्र त्यात काही मिळालं नाही, मिळणारच नव्हतं. दुष्काळ आहे त्यात, पण १८७६-७७चा. मग शेवटी एकदाचं मी ते पान बघितलं जे सगळ्यात आधी बघायला हवं होतं, छपाईचं साल: १८८०. पुस्तक कितीही जाडजूड असलं तरी त्याच्यानंतर झालेलं त्याला कसं माहीत असणार.

सुटका केली तिथल्या मामांनी. मामा म्हणजे लायब्ररीतले शिपाई, तीसेक वर्षं तिथेच, कुठल्या कपाटाचं दार ओढायचं आणि कुठल्या ढकलायचं हे फक्त त्यांना ठाऊक. मी ग्रंथपाल सरांना आजीचं वाक्य सांगत होते ते ऐकून म्हणाले, मॅडम, जुनी पंचांगं बघितली का? एका कापडात बांधलेला गठ्ठा आणून ठेवला, कसर लागलेला, हात लावला की कोपऱ्याचा भुगा. शके १८२१चं पंचांग निघालं. वर बारीक अक्षरात विक्रम संवतही दिलेला, १९५५-५६.

आणि इथे कॉमर्स कामाला आलं बरं का. विक्रम संवत आपल्याकडे बदलतो दिवाळीच्या पाडव्याला, व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या निघतात त्या दिवशी. नंदुरबार गुजरातला लागून, सुरतेचा व्यापार, म्हणजे लोकांच्या तोंडी शक नव्हे, संवत. छप्पन म्हणजे संवत १९५६. नोव्हेंबर १८९९ ते साधारण ऑक्टोबर १९००. गुजरात-राजस्थानात ज्याला छप्पनिया म्हणतात तोच दुष्काळ. मी वाचनकक्षात इतक्या जोरात "अरे!" केलं की एमपीएससीची पोरं वळून बघायला लागली.

गंमत बघा, पाऊस गेला तो १८९९च्या पावसाळ्यात, म्हणजे दिवाळीआधी, संवत पंचावन्नात. पण नाव पडलं छप्पनचं. भुकेची खरी झळ दिवाळीनंतर बसली म्हणून, असं मी माझ्यापुरतं मानते (मारवाडात संवत चैत्रात बदलतो, तिथे हा हिशोब चालत नाही). मग त्या दुष्काळावर नेमलेल्या मॅकडोनेल आयोगाचा १९०१चा अहवाल काढला. त्यात जित्राबं चाऱ्यावाचून मेल्याचं वाचताना आजीचा रिकामा गोठा डोळ्यासमोर आला. खानेसुमारीचे खंड काढले, तर १८९१पेक्षा १९०१ला अख्ख्या मुंबई इलाख्याची लोकसंख्या कमी. पुढचा १९११चा खंड काढला तर त्यात खानदेश नावाचा जिल्हाच नाही! १९०६ला त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले होते, नंदुरबार पश्चिमेत गेलं, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १९९८ला स्वतःच जिल्हा झालं. हे माहीत नसेल तर माणूस चुकीच्या पानांवर दिवस घालवतो, मी दोन घालवले.

तर नेटवर पुस्तक मिळतं, पण शेजारचं पुस्तक मिळत नाही, आणि मामा तर नाहीच नाही. अर्थात लायब्ऱ्यांचं फार कौतुक करायचं कारण नाही. दुसऱ्या एका कॉलेजात जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली बघायला गेले तर उत्तर मिळालं, निर्लेखित केल्या. म्हणजे रद्दीत. दाखल नोंदवहीत दाखलांक शाबूत, समोर लाल शाईचा शेरा, आणि कपाटात आता ट्रॉफ्या. मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ, ओरडायचं कुणावर तेच कळेना.

होळीचं सोपं होतं. त्याच पंचांगात फाल्गुन पौर्णिमा काढली, मार्च १९००चा मध्य. पणजीचा जन्म त्याच्या आगेमागे. बाबांना फोन केला तर म्हणाले, म्हणजे म्हातारी बरोबर बोलत होती तर.

पंचांगांचा गठ्ठा मामांनी परत कापडात बांधला, गाठ मारता मारता म्हणाले, "मॅडम, आमचंही बघा की कधी. आम्ही साक्रीचे. आमची आजी प्लेगातली होती."

मी म्हटलं, मामा, कुठला प्लेग? १८९६ला मुंबईत आला तो पुढे वीसेक वर्षं इलाख्यात फिरून फिरून येत होता.

"ते तुम्ही शोधायचं ना," म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.