तुम्ही विचारलंत म्हणून: फूटपट्टीएवढा नॅनोसेकंद

फोंड्याजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी दुसरीला शिकवते. मुलं घरी जाऊन अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरची गोष्ट सांगतात आणि पालक मला विचारतात, "बाई, एवढ्याशा पोरांना संगणकाचा इतिहास कशाला? काय कळणार त्यांना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी सुरुवात घड्याळापासून करते. ग्रेसचा जन्म १९०६चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना तिने गजराचं घड्याळ खोललं. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरं खोललं. अशी घरातली सात घड्याळं खोलून झाली. मग आईने एकच घड्याळ तिला दिलं आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. वर्गात कुणीतरी विचारतंच, "आईने मारलं नाही?" तिथे मी मुद्दाम थांबते. वस्तू खोलून बघायची मुभा आपल्याकडे मुलींना फार कमी मिळते. पंखा बिघडला की स्क्रू-ड्रायव्हर दादाच्याच हातात जातो.

१९५२मध्ये तिने ए-झिरो हा कंपायलर, म्हणजे माणसाने थोडक्यात दिलेल्या सूचना यंत्राला कळतील अशा पायऱ्यांत बदलणारा प्रोग्राम केला. तो आम्ही पटांगणात खेळतो. एक मूल यंत्र होतं. त्याला 'माठातलं पाणी आण' कळत नाही; 'पाऊल टाक', 'हात वर कर', 'झाकण काढ' एवढंच कळतं. दुसऱ्याकडे वही असते. चिठ्ठीवर '३' आलं, की तो वहीतल्या तिसऱ्या कामाच्या सगळ्या पायऱ्या यंत्राला वाचून दाखवतो. ए-झिरोही असंच करायचा: आधीच लिहून ठेवलेले तुकडे क्रमांकावरून शोधून जोडायचा. पेला भरून येईपर्यंत मुलांना हे पुरतं समजलेलं असतं.

आणि ती वायर! हॉपर व्याख्यानांत वायरचे सुमारे ३० सेंटिमीटरचे तुकडे वाटायची. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, वीज फार तर एवढंच अंतर कापू शकते. आमची मुलं तो तुकडा फूटपट्टीला लावून बघतात. हजार नॅनोसेकंदांचा एक मायक्रोसेकंद. तो सुमारे ३०० मीटरचा, म्हणून तो आम्ही रस्त्यावरून चालून मोजतो.

घरी सांगणार असाल तर एक विनंती. १९४७मध्ये हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात पतंग (उडणारा किडा) अडकला होता, तो तिने पकडला असं सांगू नका. तो सापडला तिच्या सहकाऱ्यांना. त्यांनी तो नोंदवहीत चिकटवला. ती गोष्ट मात्र हॉपर हौसेने सांगायची.