प्रवासखर्चाचा रकाना

मंगळवार, रात्री

दिवस अंदाजपत्रकातच गेला. दुपारी लंडनच्या देणगीदारांशी बोलणं झालं. माणसं मनापासून काम करणारी आहेत. त्यांनी सुचवलं, पर्यवेक्षिकांचा प्रवासखर्च निम्मा करा आणि त्या पैशांत आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना, टॅब द्या. नवजात बाळांच्या नोंदी ऑफिसात बसून दिसतील, मग पाड्यापाड्यावर जायचं कशाला?

मला हे मुळीच पटलेलं नाही.

नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घ्यायची, ही पद्धत गडचिरोलीत सिद्ध झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहिलं तर तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने गृहभेटींची शिफारस केली, २०११ मध्ये आपल्या सरकारने हे काम आशांकडे दिलं. ही गोष्ट जगभर सांगितली जाते. त्या बायकांच्या पाठीशी नियमित येऊन काम तपासणारं माणूस होतं, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यांवर आमची पर्यवेक्षिका काय करते? आशाताईच्या शेजारी बसून तीही श्वास मोजते. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका. पण बाळ रडत असेल तर तो आकडा धरायचा नाही. शांत होऊ द्यायचं, पुन्हा पूर्ण मिनिट मोजायचं. वजनकाटा शून्यावर आहे का, बाळ कपड्यांसकट तोललं का, हे ती पाहते. टॅबवर ५८ दिसतील, पण ते कसे मोजले हे कोण सांगणार?

आणि बाळ दगावलं की? दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२व्या दिवसापर्यंत सहा भेटी, त्या सगळ्यांचे मिळून आशाताईला २५० रुपये, आणि त्याच घरावरून तिला रोज पाणी भरायला जायचं असतं. अशा वेळी पर्यवेक्षिका मुक्कामाला राहते. हे कुठल्या रकान्यात लिहू? मी ते प्रवासखर्चातच लिहिते.

हे काम जोडीदार संस्थेवर सोपवावं तर तोही मार्ग नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. माणसं आपलीच हवीत, आणि ती पोचायला हवीत.

उद्या सकाळी कळवते: टॅब पुढच्या वर्षी, प्रवासाला हात लावू नका. ते नाही म्हणाले तर हा खर्च धुळे-नंदुरबारच्या लोकांकडून उभा करीन. पावसाळ्याआधी देणगीदारांपैकी कुणी इथे यावं, एका आशाताईजवळ बसून श्वास मोजून पाहावेत, हेही त्याच मेलमध्ये लिहिणार आहे.