फ्यूज बीड्स अपडेट: मारिओचं त्रिकूट झालं, आता चॅरिझार्डच्या चार हिरव्या छटा

फ्यूज बीड्स म्हणजे खुंट्यांच्या पाटीवर (पेगबोर्डवर) लावून इस्त्रीने वितळवून जोडायचे छोटे प्लास्टिकचे मणी, आणि त्यांत मी जुन्या व्हिडिओ गेममधल्या पात्रांची एक फ्रेम करतेय. तिची डावी बाजू पूर्ण झाली एकदाची! स्पेस इन्व्हेडर्सचा खेकडा, पॅक-मॅनची चारही भुतं आणि सुपर मारिओ ब्रदर्समधलं त्रिकूट, सगळं इस्त्री होऊन, थंड होऊन, बॅकिंग बोर्डावर चिकटलंय, आणि उजव्या बाजूला गेम बॉयचा चॅरिझार्ड (पोकेमॉनमधला पंखवाला ड्रॅगन) अर्ध्यावर आलाय. नवीन मंडळींसाठी सांगते, या फ्रेमचा नियम एकच आहे, मूळ गेममधला स्प्राइट (पात्राचं पिक्सेलचं चित्र) जसाच्या तसा, एक पिक्सेल म्हणजे एक मणी, मनाने काही वाढवायचं नाही आणि जिथे काळी आउटलाइन नाही तिथे ती घालायची नाही. नेटवर तयार पॅटर्न ढिगाने मिळतात पण त्यातल्या बऱ्याच जणांनी मारिओला काळी किनार दिलेली असते, आणि ती दिली की तो १९८५ चा मारिओ राहतच नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी खेकडा. १९७८ चा गेम, ११ पिक्सेल रुंद, ८ उंच, बास. पहिल्यांदाच बीड्स हातात घेणाऱ्याला मी डोळे झाकून हाच सुचवेन, कारण इस्त्री करताना काय धरतं आणि काय तुटतं ते सगळं या एवढ्याशा चित्रात कळतं. आकृतीचे मणी फक्त ४६, पण शिंगांची टोकं बघा, टोकाचा मणी खालच्या मण्याला फक्त कोपऱ्यात टेकतो, आणि खालच्या पायांचंही तेच, सगळ्यात खालची ओळ वरच्या ओळीला तिरकीच लागते. पेगबोर्डवर शेजारच्या मण्यांच्या बाजू वितळून एकमेकांना धरतात, कोपरे नाही धरत, किंवा धरले तरी जरा वाकवलं की सुटतात. म्हणून मी पूर्ण ११ बाय ८ चा आयत भरला, ४६ पांढरे आणि ४२ काळे, आणि काळ्यामुळे जुन्या आर्केड स्क्रीनचा फील पण आला. ज्यांना मोकळा कटआउटच हवा त्यांनी तिरक्या सांध्याशेजारी एकेक पारदर्शक मणी टाकावा, लांबून दिसत नाही आणि पाय जागेवर राहतात. नवीन स्प्राइट निवडताना मी सगळ्यात आधी असे तिरके सांधे शोधते, रंग मग.

भुतांबद्दल जास्त काही नाही. १४ बाय १४, अंग एकच, डोळे एकच, फक्त अंगाचा रंग बदलायचा, ब्लिंकी लाल, पिंकी गुलाबी, इंकी आकाशी, क्लाइड नारिंगी. चौघं एकदम लावायला घेतली की हात बसतो आणि काम पटापट होतं.

मारिओवर मात्र वेळ गेला आणि तो जाणारच होता, कारण निन्टेन्डोच्या NES या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, एका स्प्राइट पॅलेटमध्ये (रंगांच्या संचात) तीनच रंग मिळायचे, चौथी जागा पारदर्शक. म्हणजे अख्खा माणूस तीन रंगांत! टोपी आणि डंगरी लाल, केस मिशी शर्ट बूट सगळे एकाच शेवाळी तपकिरी रंगात, आणि चेहरा हात बटणं तिसऱ्या रंगात. मारिओचा निर्माता मियामोतोने आधी १९८१ च्या डाँकी काँगसाठी हा माणूस काढला तेव्हा टोपी दिली कारण इतक्या कमी पिक्सेलमध्ये केस नीट काढणं अवघड, आणि मिशी दिली म्हणजे तोंड काढायला नको आणि नाक पण उठून दिसतं. हे वाचून माहीत होतं पण मणी लावताना ते बोटांना कळतं, मिशीतला एक मणी एक खुंटी इकडचा तिकडे केला की चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होतो.

आणि माझ्या आवडीचा भाग म्हणजे पॅलेट. मोठा मारिओ, फायर मारिओ (आगीचे गोळे फेकणारा) आणि मोठा लुईजी (मारिओचा भाऊ) या तिघांचे पिक्सेल अगदी तेच आहेत, गेममध्ये फक्त पॅलेट बदलतं. फायर मारिओची टोपी डंगरी फिक्कट होते आणि शर्ट लाल, लुईजीची टोपी डंगरी पांढरी आणि शर्ट हिरवा (हो, त्या गेममध्ये लुईजीची टोपी हिरवी नाही, ज्यांना खात्री नसेल त्यांनी गेम लावून बघा). म्हणजे एकच पॅटर्न प्रिंट करा आणि तीन पात्रं मिळवा. ढग आणि झुडपांचं पण तसंच, तोच आकार, ढग पांढरा आणि झुडूप हिरवं, मी दोन्ही एकाच पॅटर्नवरून करून तिघांच्या वर-खाली लावलेत आणि ते बघून मला फार भारी वाटतं, एवढ्याशा मेमरीत त्या लोकांनी जग कसं बसवलं ते इथे मण्यामण्यात दिसतं.

मापाचं लक्षात ठेवा, मोठा मारिओ १६ रुंद पण ३२ उंच आणि नेहमीचा चौकोनी पेगबोर्ड २९ बाय २९ चा, म्हणजे एका बोर्डवर मावत नाही, दोन बोर्ड जोडावे लागतात. अजून एक, जुन्या टीव्हीवर या कन्सोलचे पिक्सेल चौकोनी नव्हते, साधारण ८:७ या प्रमाणात आडवे पसरलेले दिसायचे, म्हणून मण्यांतला मारिओ टीव्हीवरच्या आठवणीपेक्षा थोडा सडपातळ वाटतो. पॅटर्न बरोबर आहे, कुणी रुंद करायला जाऊ नका.

आता रंग. या विषयावर मी कितीही बोलू शकते. स्क्रीनवरचा नेमका रंग मण्यात मिळेल ही आशा सोडूनच द्या, स्क्रीन स्वतः उजेड देते आणि मणी उजेड परत फेकतो. त्यामुळे मी रंग जुळवण्याआधी गडद-फिकटपणा जुळवते. मूठभर मणी पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवायचे, फोनचा कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट फिल्टरवर टाकायचा आणि फोटो काढायचा, शेजारी स्प्राइट पण ब्लॅक अँड व्हाइट करून ठेवायचा. रंग थोडा वेगळा असला तरी चालतो पण दोन शेजारचे रंग फोटोत एकसारखे राखाडी दिसले की लांबून चेहरा गायब. मारिओचा लाल आणि शेवाळी इथेच अडकतात. गडद चॉकलेटी घेतला तर मिशी काळी वाटते, फिका घेतला तर लालात मिसळते, शेवटी शेवाळी झाक असलेला मधला तपकिरी बसला. आणि निर्णय वितळवलेल्या नमुन्यावरूनच घ्या, कारण न वितळलेल्या मण्याच्या भोकातून मागचं दिसतं, भोक मिटत आलं की रंग जास्त भरलेला दिसतो. मी प्रत्येक रंगाची चार चार मण्यांची टिकली इस्त्री करून एका पट्टीवर चिकटवून ठेवलीय, आता निवड त्याच पट्टीवरून होते.

हेच सगळं चॅरिझार्डला दहापट लागू. गेम बॉय म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरायचं गेमयंत्र, १९८९ चं, स्क्रीन १६० बाय १४४, आणि हिरवट छटा फक्त चार. पोकेमॉनचे पहिले गेम जपानमध्ये १९९६ ला आले, त्यात लढाईतला समोरचा स्प्राइट जास्तीत जास्त ५६ बाय ५६, आणि चॅरिझार्ड ती पूर्ण जागा घेणाऱ्यांपैकी आहे. चार पेगबोर्ड जोडले की ५८ बाय ५८ होतात, म्हणजे चारही बाजूंनी बरोब्बर एक खुंटी मोकळी, इतका छान बसतो की हा आकार बीड्ससाठीच बनवला असं वाटावं. एकूण ३१३६ मणी. ५ मिलिमीटरच्या मण्यांत २८ सेंटिमीटरचा चौकोन होतो, मिनी मण्यांत याच्या अर्धा, पण चिमट्याने ३१३६ मिनी मणी लावायचे तर मान आणि डोळे दोन्ही जातील, मी मोठेच घेतले.

पार्श्वभूमी पूर्ण भरते आहे कारण गेम बॉयच्या स्क्रीनची तीच मजा, पोटावरचा उजेड आणि मागची मोकळी जागा एकाच सगळ्यात फिक्या छटेची, डोळा आपोआप कडा पूर्ण करतो. आणि चौकोन भरला की पंखांच्या टोकांचे तिरके सांधे तुटायची काळजी पण मिटते. चार हिरव्यांमध्ये सगळ्यात गडद आणि फिकी लगेच मिळाली, मधल्या दोघींना वेळ लागला कारण फोटोत चारही पायऱ्या सारख्या अंतरावर हव्या होत्या. तिसरी छटा शुद्ध हिरवी नाही, राखाडीकडे झुकणारी आहे, सुटी बघितली तर कुणी घेणार नाही, पण बाकी तिघींमध्ये ठेवली की एकदम जुनी गेम बॉयची स्क्रीन समोर येते. सध्या डोकं, डावा पंख आणि छाती लावून झालीय, शेपूट आणि ज्योत बाकी.

इस्त्रीची तयारी आत्ताच ठरवलीय. एवढा मोठा तुकडा बोर्डवर ठेवूनच वितळवला तर उष्णतेने बोर्ड वाकायची भीती, म्हणून टेपची पद्धत. वरून मास्किंग टेपच्या पट्ट्या थोड्या एकमेकींवर चढवून घट्ट लावायच्या, सपाट पुठ्ठा ठेवून सगळं उलटं करायचं, बोर्ड अलगद उचलायचे, आणि मण्यांच्या उघड्या बाजूवर बेकिंग पेपर टाकून इस्त्री. टेपला मण्यांच्या भोकांवर सुईने छिद्रं पाडून ठेवायची म्हणजे गरम हवा निघते आणि टेप फुगत नाही. स्टीम पूर्ण बंद, आच मध्यम, दाब न देता गोल गोल फिरवत राहायचं, खिडकी उघडी. बीड्स पॉलिइथिलीनचे असतात, मऊ व्हायला लागले की पुढचे काही सेकंद लक्ष हलवायचं नाही. पेपरमधून भोकं सारखी मिटताना दिसली की पुढच्या भागाकडे. मग लगेच जाड पुस्तकांच्या वजनाखाली, पूर्ण गार होईपर्यंत, घाईत उचललं की कडा वर येतात. मागची बाजू मी पक्की वितळवते आणि दर्शनी बाजूला टेप काढून हलकासा हात फिरवते, भोकं दिसली पाहिजेत. फुल मेल्ट करून गुळगुळीत टाइल करणारे खूप जण आहेत, छानच दिसतं ते, पण मला प्रत्येक पिक्सेल वेगळा मोजता आला पाहिजे.

पर्लर, हामा, आर्टकल या तिन्ही ब्रँडचे ५ मिलिमीटरचे मणी एका बोर्डवर बसतात पण वितळायचा वेग सारखा नाही, म्हणून एका तुकड्यात एकच ब्रँड ठेवते.

चॅरिझार्डनंतर १९८७ च्या त्याच कन्सोलवरच्या गेममधला मेगा मॅन घेणार आहे. त्याचा चेहरा वेगळा स्प्राइट म्हणून अंगावर ठेवलेला असतो म्हणून त्याला तीनपेक्षा जास्त रंग मिळाले, दोन निळे, काळा, आणि वर चेहऱ्याचे. आउटलाइन त्याची मुळातच काळी आहे त्यामुळे मजबुतीचा प्रश्न नाही, प्रश्न दोन निळ्यांचा आहे, ब्लॅक अँड व्हाइट फोटोत वेगळे दिसतील पण दोन्ही चकचकीतच वाटतील अशी जोडी. कुणी बसवली असेल तर ब्रँड आणि रंगाचा नंबर नक्की सांगा, शक्य असेल तर वितळवल्यानंतरचा फोटो टाका, सुट्या मण्यांचा नको.