ओपी1 केंद्रकात कधी शिरतं: इनोसिटॉल प्रयोग, तिसरी फेरी

ओपी1 हे यीस्टमधलं जनुकं बंद पाडणारं प्रथिन. स्ट्रेन (यीस्टचा वाण) तोच: बीवाय4741, ओपी1 च्या शेपटीला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन. (जनुकबदल केलेला यीस्ट आहे, काम मान्यता असलेल्या लॅबमध्येच, घरच्या ओट्यावर नाही.)

नव्याने आलेल्यांसाठी: ईआरच्या (केंद्रकाला जोडलेलं पेशीतलं पटलांचं जाळं) पटलात फॉस्फॅटिडिक आम्ल हा मेद भरपूर असला की ओपी1 ते आम्ल आणि एससीएस2 हे प्रथिन धरून केंद्रकाबाहेर थांबतं. इनोसिटॉल (साखरेसारखा एक रेणू) मिळालं की पेशी ते आम्ल फॉस्फॅटिडिल-इनोसिटॉल बनवण्यात खर्च करते. पकड सुटते, ओपी1 आत जातं आणि इनोसिटॉल बनवायला लागणारी आयएनओ1 सारखी जनुकं बंद पाडतं.

मीडियमपासूनच घोळ सुरू होतो. नेहमीच्या वायएनबीत (यीस्ट वाढवायच्या मीडियमचं तयार मिश्रण) लिटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 11 मायक्रोमोलर इनोसिटॉल आधीच असतं. इनोसिटॉल नसलेलं वायएनबी वेगळं मागवावं लागतं. वायपीडी या पौष्टिक मीडियममधल्या पेशी तीनदा धुवा, 2 टक्के ग्लुकोजवर 30 अंशांना रात्रभर इनोसिटॉलविना वाढवा, सकाळी ओडी (गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी) 0.1 ला पातळ करा आणि 0.4 ते 0.5 ला उचला.

इनोसिटॉलचा स्टॉक मिलिलिटरला 13.5 मिलिग्रॅम. मिलिलिटरभर मीडियमला 1 मायक्रोलिटर टाकला की 75 मायक्रोमोलर. फोटो 0, 5, 10, 20, 30 मिनिटांना. सुरुवातीला केंद्रकाभोवती बारीक हिरवं कडं दिसतं, नंतर ते भरून टिकली होते. मात्र फोकस केंद्रकाच्या वर-खाली सरकला तर कडंही टिकलीच वाटतं, म्हणून 0.3 मायक्रॉनच्या टप्प्यांनी झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरचे फोटो) घ्या आणि मधला काप पाहा.

या फेरीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कंट्रोलने. इनोसिटॉल न टाकलेल्या स्लाइडवरही टिकल्या दिसू लागल्या. संशय आधी मीडियमवर जातो, पण दोष भुकेचा असू शकतो. कव्हरस्लिपखाली दाट पेशी थेंबभर मीडियममधलं ग्लुकोज संपवतात, पेशीरसाचा पीएच उतरतो, फॉस्फॅटिडिक आम्लाच्या डोक्यावर प्रोटॉन बसतो आणि ओपी1 ची पकड ढिली होते. इनोसिटॉलशिवाय हुबेहूब तेच चित्र!

त्यामुळे आता स्लाइड बाद. काचेच्या तळाची डिश, तळाला पेशी चिकटवणाऱ्या कॉनकॅनॅव्हलिन ए चा लेप, पेशी विरळ, वर 2 मिलिलिटर कोमट ताजं मीडियम. इनोसिटॉलच्या डिशशेजारी तेवढंच पाणी टाकलेली दुसरी डिश, आणि तिचाही फोटो 30 व्या मिनिटाला. त्या डिशमध्ये कडं टिकलं नाही, तर पहिल्या डिशचे आकडे मोजू नका.