नजर ठेवणाऱ्या सर्व्हरवर नजर

रत्नागिरीत आम्ही सुरुवात केली ती कॉम्प्युटर दुरुस्तीने. पुढे पतसंस्थांच्या शाखा, काजूचे कारखाने, किनाऱ्यावरची हॉटेलं यांचं नेटवर्क आमच्याकडे आलं. इथे पावसात लाइट जाते, विजेने नेटवर्कचे स्विच जळतात, रस्ता खणताना फायबर तुटते. गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधी बिघाड कळावा म्हणून आम्ही कॅक्टी बसवलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांची हालहवाल विचारायच्या ठरलेल्या पद्धतीने, ते ठरावीक वेळाने राउटरला विचारतं आणि ग्राफ काढतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कुठली शाखा कधी बंद पडली, ते आम्हाला ग्राफवर दिसत होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये याच कॅक्टीतली सुरक्षेची एक त्रुटी जाहीर झाली, तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२२-४६१६९. गांभीर्य १० पैकी ९.८. आवृत्ती १.२.२२ आणि त्याआधीच्या काही आवृत्त्यांना धोका होता. सर्व्हरला पाठवलेल्या विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या माथ्यावरच्या माहितीत, खोटा पत्ता घातला की कॅक्टीला ती आपल्याच पोलरकडून (राउटरकडून माहिती गोळा करणाऱ्या भागाकडून) आली असं वाटायचं आणि लॉगिन न करता सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता यायची. आम्ही त्याच संध्याकाळी सगळीकडची कॅक्टीची पानं फायरवॉलवर बाहेरून बंद केली, लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी) तपासले, १.२.२३ आल्यावर ती चढवली. कुठेही घुसखोरी आढळली नाही.

खरी मेहनत पुढे होती. मालकांना मोबाइलवर थेट ग्राफ बघायची सवय. आता ते व्हीपीएनमधून, म्हणजे आधी ओळख पटवून सुरक्षित खासगी जोडणीतून, बघायचे होते. व्हीपीएन म्हटलं की कपाळाला आठ्या. एका पतसंस्थेचे साहेब म्हणाले, “ग्राफ चोरून कोणाला काय मिळणार?” मी त्यांना स्क्रीनवरच दाखवलं: प्रत्येक राउटरचा पत्ता, प्रत्येक शाखेची जोडणी, एसएनएमपीचे परवलीचे शब्द, सगळं या एकाच मशिनवर. इथे जो शिरला त्याच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या. साहेबांनी तिथेच होकार दिला.

तेव्हापासून परवलीचे शब्द आम्ही ठरावीक काळाने बदलतो. लॉग वेगळ्या मशिनवर जातात, कारण शिरलेला माणूस आधी तेच पुसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि हल्ला कळल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायचं असतं. लहान संस्थांना हे कोणी समजावून सांगत नाही, आणि मला ते फार खटकतं. म्हणून प्रत्येक करारासोबत आता आम्ही हे मराठीत लिहून देतो.

सध्या गुहागरकडे नवं काम चालू आहे. तिथे आधी व्हीपीएन उभं राहील, मग कॅक्टी.