तुम्ही विचारलंत म्हणून : फ्लॅटन करून टाकू का?

लग्नसराई ओसरली की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "अल्बम छापून झाला, पीएसडी एकेक जीबीच्या झाल्यात, डिस्क भरली. आता फ्लॅटन करून नुसत्या जेपीजी ठेवल्या तर काय बिघडतं? आणि बॅकअपला एक हार्ड डिस्क आहे, तेवढी पुरे ना?"

फ्लॅटन करू नका, म्हणजे फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमधले लेयर (एकावर एक ठेवलेले थर) मिसळून एकच करू नका; फाइल हलकी करा. आणि एक डिस्क पुरत नाही. दोन्हीचं कारण एकच : जे पुन्हा करता येणार नाही ते जपायचं, जे पाच मिनिटांत पुन्हा होईल ते खुशाल टाकायचं.

वजन येतं कुठून ते आधी बघा. १२ बाय ३६ इंचाची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेलची होते. आठ बिटला पिक्सेलमागे तीन बाइट धरले, तर पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ११७ एमबीचा. सोळा बिटला दुप्पट. सेव्ह करताना तो दाबला जातो, पण फोटोचा लेयर फारसा दबत नाही. म्हणजे 'असू दे' म्हणून कंट्रोल-जे मारून ठेवलेल्या बॅकग्राउंडच्या चार प्रतीच फाइल फुगवतात. कर्व्हज (उजेड बदलणारा) किंवा ह्यू-सॅच्युरेशनचा (रंग बदलणारा) लेयर म्हणजे नुसते आकडे, त्याला वजन नाही. त्याच्या मास्कला (लेयर कुठे दिसावा, कुठे नाही हे ठरवणाऱ्या झाकणाला) पिक्सेलमागे एकच बाइट लागतो आणि कोरा पांढरा मास्क दाबून जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा प्रती, डोळा बंद करून (लेयरशेजारच्या डोळ्याच्या खुणेने लपवून) विसरलेले प्रयोग आणि स्टँप केलेले, म्हणजे सगळे एकत्र करून बनवलेले लेयर काढा. डाग काढलेला लेयर, मास्क आणि कर्व्हज ठेवा. नवरीच्या केसांभोवती तासभर बसून केलेला मास्क पुन्हा कोण करणार?

डागांसाठी रिकामा लेयर घ्या, बॅकग्राउंडच्या लगेच वर. साजावरचा फ्लॅशचा ठिपका, कपाळावरची चमक, सगळं त्यावरच. इथे एक चूक नेहमी होते. वर कर्व्हज आधीच लावलेला असतो आणि क्लोन स्टँप या, एकीकडचा रंग उचलून दुसरीकडे ठेवणाऱ्या टूलचं सँपल 'ऑल लेयर्स'वर असतं. टूल कर्व्हज लागलेला उजळ रंग उचलून खाली ठेवतं, त्यावर तोच कर्व्हज पुन्हा लागतो, आणि गालावर फिकट ठिगळ दिसतं. सँपल 'करंट अँड बिलो' ठेवा. डाग पुसणाऱ्या स्पॉट हीलिंग ब्रशमध्ये 'सँपल ऑल लेयर्स'ची खूण करून काम करणार असाल, तर वरच्या अ‍ॅडजस्टमेंटचे डोळे तेवढ्यापुरते बंद करा. मुळात डाग आधी आणि रंग नंतर, हा क्रम पाळला की हा त्रास होतच नाही.

कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-ई मारून सगळं एकत्र स्टँप करायची सवय अनेकांना असते. मी ती सोडायला सांगतो. तो लेयर त्या क्षणी गोठतो. नंतर खाली डाग काढा, रंग बदला, वर काही दिसत नाही, कारण स्टँपने सगळं झाकलेलं असतं. शार्पनिंगसाठी लागलाच तर तो शेवटी, सगळ्यांत वर, आणि नाव 'पुन्हा बनवा' असं ठेवा. नावं मराठीत द्यायला काहीच हरकत नाही : डाग, उजेड, साज, गुलाल.

गुलालाला वेगळा लेयर हवाच. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या फोटोत गुलाबी इतका भडक येतो की लाल चॅनल २५५ला टेकतो आणि उधळलेल्या गुलालाचा पोतच जातो. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये रेड्स आणि मॅजेंटा थोडे उतरवा, मास्कने चेहरे वाचवा. गिऱ्हाईक म्हणालं "गुलाल फिका वाटतो", तर त्या लेयरची ओपॅसिटी (जोर) १०० वरून ६० करायची, झालं. फ्लॅटन केलेल्या जेपीजीत यातलं काहीच हातात उरत नाही.

सेव्हचं थोडक्यात. रोज काम सुरू करताना सेव्ह अ‍ॅज करून क्रमांक वाढवा : ०१, ०२, ०३. 'फायनल' हा शब्द नावात नको, कारण त्यानंतर आणखी एक फायनल येतेच. फोटोशॉपची ऑटो-रिकव्हरी मूळ सेटिंगला दहा मिनिटांची असते, ती पाचवर आणा. पण ती प्रोग्रॅम कोसळला तर कामाची, 'डोन्ट सेव्ह' दाबलंत तर नाही. हिस्टरीचे टप्पे मूळ ५० असतात. ब्रशचा प्रत्येक फटकारा एक टप्पा खातो, आणि फाइल बंद केली की सगळे जातात. सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र वेगळी : इन्स्टाग्रामसाठी मूळ फाइल १०८० पिक्सेलची करायची आणि सवयीने कंट्रोल-एस. लहान प्रत नेहमी एक्स्पोर्टमधूनच काढा. क्रॉप करताना 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'ची खूणही काढून ठेवा.

आता बॅकअप. क्रम असा : रॉ (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) आधी, मग पीएसडी, जेपीजी शेवटी. लाइटरूम (फोटो सांभाळायचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये फोटो नसतात, नुसत्या नोंदी असतात. फोटो वेगळे कॉपी करावे लागतात. कॅमेऱ्याचं कार्ड दोन ठिकाणी उतरवून फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळल्याशिवाय फॉरमॅट करू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या जागी. क्लाउडवर नुसतं सिंक असेल तर तो बॅकअप नव्हे, कारण इकडे डिलीट केलं की तिकडेही जातं.

दुसरी जागा म्हणजे शेजारचा गाळा नाही. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने ती ओलांडली आणि शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या सखल भागांत पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या कपाटातल्या तीन डिस्का अशा वेळी एकच डिस्क असतात. मृग लागायच्या आधी तिसरी प्रत उंचावरच्या एखाद्या पाहुण्यांकडे पोचवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या कुठल्याही पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. तिथे बहुधा दोन गोष्टी अडतात. लिंक केलेला स्मार्ट ऑब्जेक्ट (बाहेरच्या फाइलशी जोडलेलं चित्र) सापडत नाही, त्याला उपाय म्हणजे तो एम्बेड करणं, म्हणजे पीएसडीच्या आतच ठेवणं. आणि अल्बमवरची अक्षरं जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असली आणि तो फॉन्ट तिथे नसला, तर अक्षरं बदलायला गेलात की 'शुभविवाह'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. म्हणून टेक्स्ट लेयरची एक प्रत 'कन्व्हर्ट टू शेप' करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) ठेवा आणि मूळ टेक्स्ट डोळा बंद करून तिच्या खाली असू द्या.