१२ व्हॉल्व्हचा पाचवा पुन्हा गेला, आणि बेत बदलला

माझ्या जुन्या डॉज पिकअपमध्ये (१२ व्हॉल्व्हचं कमिन्स डिझेल इंजिन) पाचव्या गियरला शाफ्टवर धरून ठेवणारा नट पुन्हा सुटला, त्यामुळे इंजिनाच्या गव्हर्नरची (फेऱ्यांवर मर्यादा ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग बदलायचा आधीचा बेत लांबला. लिव्हर पाचव्यात अलगद पडते, पण गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी नुसती रेझ होते. एनव्ही४५०० हा गिअरबॉक्स वापरणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. मागच्या अपडेटमधला नवा नट आणि लाल थ्रेडलॉकर (आटे जखडणारा गोंद) टिकले नाहीत. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारा डबा) आणि अ‍ॅडॅप्टर उतरवल्यावर कारण लगेच सापडलं: रोग नटात नाही, शाफ्टमध्ये आहे.

कमिन्ससोबत येणाऱ्या या गिअरबॉक्समध्ये मेनशाफ्टच्या स्प्लाइन (गियरला पकडणाऱ्या लांब खाचा) पाचव्या गियरच्या पूर्ण रुंदीइतक्या कापलेल्या नसतात. सहा सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला तीनदा फायर होतं, म्हणजे १४०० आरपीएमला सेकंदाला ७० धक्के. मागे ट्रेलर, समोर चढ आणि गियर ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा पुढचा शाफ्ट जास्त फिरवणारा, म्हणजे पाचवा), असं इंजिन दाबून चालवलं की गियर अर्ध्या स्प्लाइनवर डुलतो, स्प्लाइन खातो आणि नटाला मागे ढकलतो. शेवटी गियर स्प्लाइनवरून सरकतो आणि पाचवा जातो. चौथा डायरेक्ट, १:१. त्यात पाचव्या गियरवर भारच येत नाही, म्हणून बाकी सगळं ठणठणीत वाटतं.

तपासणी सोपी आहे. गियर जागेवर बसवून हाताने पुढे-मागे फिरवा. शाफ्टवर खेळ जाणवला, किंवा स्प्लाइनचे माथे झिजून पात्यासारखे धारदार झाले असतील, तर नुसत्या नटाचा किट घेऊ नका. स्वस्त किट विकणारे हे सांगत नाहीत, याची चीड येते. स्प्लाइन शाबूत असतील तरच बोल्टने आवळला जाणारा क्लॅम्प नट पुरतो. आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करा, दोन गियर एकदम अडकवून शाफ्ट जखडा, टॉर्क द्या आणि थ्रेडलॉकरला २४ तास मिळू द्या. इथे मात्र पूर्ण स्प्लाइनचा मेनशाफ्टच लागणार. म्हणजे गिअरबॉक्स बाहेर. उघडतोच आहोत तर सिंक्रो रिंगही (गियर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) बघून घ्यायच्या. तेल जीएल-४ दर्जाचंच, साधारण ४ क्वार्ट. जीएल-५ मधली गंधकाची अ‍ॅडिटिव्हं पितळी सिंक्रो खातात.

आता जुनी १२ व्हॉल्व्ह आणि नवी कमिन्स यांच्या तुलनेकडे. १९९७ची मॅन्युअल १२ व्हॉल्व्ह २१५ हॉर्सपॉवर आणि ४४० पौंड-फूट टॉर्क देते. २०१९च्या हाय आउटपुट कमिन्सचे आकडे ४०० आणि १०००. टो रेटिंगचे (गाडी किती वजन ओढू शकते याचे) आकडे मात्र शेजारी ठेवू नका. एसएई जे२८०७ हे मोजणीचं सामाईक मानक येण्याआधी प्रत्येक कंपनीची मोजायची रीत वेगळी होती. आता अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर एसी पूर्ण चालू ठेवून कस लागतो.

चढावर जुनी गाडी हळू जाते, पण पायरोमीटरचा (एक्झॉस्ट वायूचं तापमान दाखवणाऱ्या मीटरचा) काटा टर्बोच्या आधी १२५० फॅरनहाइटखाली ठेवला तर दिवसभर ओढते. खरा फरक उतारावर कळतो. नव्या गाडीत टर्बोच एक्झॉस्ट ब्रेकचं (एक्झॉस्ट अडवून इंजिनानेच गाडी रोखण्याचं) काम करतो आणि ऑटोमॅटिक आपणहून गियर उतरवतो. जुनीत वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवावा लागतो, आणि तो नीट वापरायचा तर ६० पौंडी व्हॉल्व्ह स्प्रिंग आधी. मूळ स्प्रिंगवर जास्त बॅक-प्रेशर आलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तरंगतात, म्हणजे नीट मिटत नाहीत. स्प्रिंगचं काम झालं आहे, आणि तिसऱ्यात उतरताना फूटब्रेक जवळजवळ लागत नाही. एवढ्या खर्चात याहून मोठी सुधारणा नाही!

लिहिता लिहिता हिशेब केला. ३.५४चा अ‍ॅक्सल आणि २१५/८५आर१६ टायर धरले तर ताशी ६० मैलांना चौथ्यात सुमारे २३५० आरपीएम, पाचव्यात सुमारे १७५०. ट्रान्सफर केसच्या मागे ०.७८चा गियर व्हेंडर्स (वेगळा बसवायचा ओव्हरड्राइव्हचा डबा) बसवला तर चौथा अधिक ओव्हर म्हणजे सुमारे १८३०. इंजिनाच्या फेऱ्या जवळपास पाचव्याइतक्याच, आणि भार कमजोर स्प्लाइनवर जातच नाही. शिवाय तिसरा-चौथा यांमधली दरी भरून निघते, जी चढावर सगळ्यात जास्त बोचते. तोटे दोन: मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागेल, आणि फोर-व्हीलमध्ये ओव्हर वापरता येणार नाही.

तेव्हा गव्हर्नर स्प्रिंगचा बेत मागे. आधी मेनशाफ्ट, मग गियर व्हेंडर्स. पाचवा फक्त रिकाम्या गाडीसाठी, तोही १८०० च्या वर. गिअरबॉक्स बाहेर असतानाच प्रॉपेलर शाफ्टची मापं घेतो. पुढच्या अपडेटमध्ये चौथा आणि चौथा-ओव्हर यांची एकाच चढावरची पायरोमीटर रीडिंग टाकतो.